दर्या बंद, चूल चालू

वैशाखात तळकोकणातल्या कुठल्याही वाडीत शिरलात तर घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. एका बाजूला रातांब्याची सालं, दुसऱ्या बाजूला मिरच्या आणि धणे, ओट्याच्या कडेला सुपांतून गोलमा म्हणजे सुका जवळा, तट्ट्यावर आंब्याची साठं, पलीकडे कुळीथ. राखणीला घरातलं एखादं पोर हातात काठी घेऊन बसवलेलं असतं. ऊन फिरलं की सगळं उचलून पुन्हा उन्हात सरकवायचं. संध्याकाळी आभाळ कुंद झालं की घरातल्या बाया हातातलं काम टाकून खळ्याकडे धावतात, कारण एक वळीव पडला तर आठवड्याच्या मेहनतीला बुरशी लागते.

ही सगळी धांदल मृगाच्या आत आटपावी लागते. एकदा पाऊस धरला की समुद्र खवळतो, होड्या ओढून माडांखाली झावळ्यांनी शाकारून ठेवल्या जातात, वहाळ भरून वाहू लागतात. पूर्वी पूल नव्हते तेव्हा बाजाराची वाट दिवसेंदिवस बंद असे. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी आहे, हा सरकारी नियम. पण नियम व्हायच्या कितीतरी आधीपासून इथले गाबीत मच्छीमार नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात उतरत नसत. या काळात घरात जे साठवलेलं आहे त्यावरच चूल चालायची.

मालवणी जेवण म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला तळलेल्या सुरमईची तुकडी, कोंबडी-वडे आणि पेलाभर सोलकढी आठवते. ते खोटं नाही. पण ते सणाचं आणि पाहुण्याचं जेवण झालं. देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्यावर घराघरांत फिरताना, माजघरात बसून बायांशी बोलताना माझी खात्री पटत गेली की या स्वयंपाकाची खरी अक्कल समुद्र बंद असतो तेव्हाच कळते. बेगमी हा त्याचा कणा आहे. आणि इथले देव, राखणदार, जत्रा, गाऱ्हाणी यांचाही या बेगमीशी फार जवळचा संबंध आहे: पहिला घास कुणाचा, कोणत्या दिवसापर्यंत काय खायचं नाही, कुणाचा वाटा बाजूला काढायचा, याचा हिशेब तिथे ठेवलेला असतो.

रातांब्यापासूनच, म्हणजे कोकमाच्या फळापासूनच, सुरुवात करतो, कारण त्याच्यावाचून इथली एकही आमटी पुरी होत नाही. एप्रिल-मेमध्ये झाडं लालभडक फळांनी लगडतात. झाड बहुतेक वेळा कुणी लावलेलं नसतं, आपोआप आलेलं असतं, आणि बियांपासून आलेल्या झाडांतली साधारण निम्मी नर निघतात. त्यांना फळ धरत नाही, आणि ते कळायलाही सहा-सात वर्षं जातात. मादी झाडाच्या काडीची कलमं बांधायला लागल्यापासून हा जुगार थांबला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ ही जात आता बागांतून दिसते. तरी गावातली बाई अजून परसातल्या किंवा बांधावरच्या जुन्या झाडाखालीच फळं वेचायला जाते.

मालवणजवळच्या एका वाडीत एका काकींबरोबर मी सकाळभर बसलो होतो. त्यांच्यासमोर रातांब्यांचा ढीग, शेजारी परात. फळ हातात घ्यायचं, विळीवर आडवं कापायचं, अंगठ्याने गर आणि बिया परातीत पाडायच्या आणि साल दुसरीकडे टाकायचं. परातीतल्या गरावर खडे मीठ पडलं की अर्ध्या तासात त्याला पाणी सुटतं. त्या लालजांभळ्या पाण्यात सालं रात्रभर बुडवायची, सकाळी पिळून उन्हात घालायची, संध्याकाळी परत त्याच रसात. याला पुटं देणं म्हणतात. पुटांगणिक साल काळपट आणि मऊ होत जातं, तेच सोल. काकींची बोटं नखांच्या मुळापर्यंत जांभळी झाली होती. हा रंग किती दिवस राहतो, असं विचारलं तर म्हणाल्या, “पावस लागासर.” पाऊस लागेपर्यंत.

मीठ घालून रस नुसता मुरवला की आगळ. त्यात साखर नसते, पाणी नसते, म्हणून ते वर्षभर टिकतं. बिया धुऊन, वाळवून डब्यात ठेवतात आणि पावसाच्या रिकाम्या दुपारी त्या कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून हाताने तिचे गोळे वळतात, ते मुठेल. लावणीत चिखलात राहून फुटलेल्या टाचांना हेच मुठेल गरम करून चोपडतात. म्हणजे साल आमटीत, रस कढीत, बी टाचेला. फळातलं फेकायला काही उरत नाही.

बाकीच्या बेगमीला लागतं ते मीठ. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची मिठागरं जुनी. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. मे महिना म्हणजे ऐन खारवणीचा मोसम. ज्या घरात कैऱ्या खारात पडायच्या आहेत आणि बांगडे खारवायचे आहेत, त्या घरात मिठावरचा कर हा राजकारणाचा लांबचा प्रश्न नव्हता, हे त्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पटतं. आजही जुन्या बाया कैऱ्यांसाठी पिशवीतलं बारीक मीठ घेत नाहीत. त्याने कैरी लिबलिबीत होते, असं त्यांचं म्हणणं. जाडं, करडं, थोडं ओलसर मीठ आणायचं, बरणीत कैऱ्या आख्ख्या ठेवायच्या, मिठाचं पाणी त्यांच्या डोक्यावर राहील इतकं ओतायचं आणि वर धुतलेला जड धोंडा ठेवायचा. आषाढात पेजेबरोबर ही खारातली कैरी काढतात. उकड्या तांदळाची गरम पेज, वर तूप नाही की साखर नाही, बाजूला कैरीची फोड. सकाळी नऊ-दहाला शेतातून आलेल्या माणसाला त्याहून काही नको असतं.

सुक्या मासळीचं शास्त्र निराळं. लहान मासळी, म्हणजे गोलमा, पेडवे, बारीक सुंगटं, नुसती उन्हात वाळते. बांगडा, मोरी अशी अंगाने भरलेली मासळी चिरून, पोटात मीठ भरून मुरवून मगच वाळवावी लागते, नाही तर आतून कुजते. वाळलेली मासळी डब्यात भरली की काम संपलं असं नाही. पावसात उघडीप मिळाली की डबे परत उन्हात. ऊनच नसेल तर चुलीवर टांगलेल्या टोपलीत, धुरात. गॅस आला आणि ही धुराची सोय गेली. वेंगुर्ल्याच्या एका बाईंनी मला सांगितलं की त्या अजून परसात एक चूल जिवंत ठेवतात ती अंघोळीच्या पाण्यासाठी आणि सुक्या मासळीसाठी. जेवण आत गॅसवर होतं.

आता पावसातलं जेवण. त्यात पहिला मान कुळथाच्या पिठीचा. भात कापणी झाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कुळीथ येतो. त्याला वेगळं पाणी लागत नाही, निगा लागत नाही. घरी आणून भाजायचा, जात्यावर भरडायचा, साल पाखडून मग दळायचा. पिठी करायला दहा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं चुलीसमोरून हलता येत नाही. तेलात ठेचलेली लसूण लालसर होऊ द्यायची, हिरवी मिरची, मग पाणी, दोन-तीन सोलं, मीठ. पीठ गार पाण्यात कालवून धारेने सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. गुठळी झाली की संपलं. दोन उकळ्या आल्या की भाताच्या मधोमध खळगा करून त्यात ओतायची. बाजूला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, नाही तर गोलम्याची किसमूर: भाजलेला गोलमा, कच्चा कांदा, ओलं खोबरं, मिरची, सगळं हाताने चुरलेलं. नारळ जपून वापरायचे असले की सोलकढीऐवजी फुटी कढी होते. तिच्यात नारळाचा रस नसतो, नुसतं सोलांचं पाणी आणि लसणीची फोडणी.

हे जेवण मी गरिबीचं जेवण म्हणून गोड करून सांगणार नाही. ज्या घरांत श्रावणापर्यंत तांदूळ पुरत नसे, तिथे पिठी पातळ होत जायची आणि बाई सगळ्यात शेवटी जेवायची. बेगमीचा सगळा भार बाईच्या कमरेवर होता. मेमध्ये उन्हात, जूनपासून गुडघाभर चिखलात. पण हेही खरं की या अडचणीतून तिने जे चवीचं गणित बसवलं ते आजही जसंच्या तसं चालतं. आंबट, खारट आणि तिखट यांचा असा मेळ मला दुसऱ्या स्वयंपाकात क्वचित भेटला.

पाऊस पडला की रान स्वतः भाजी देतं. पहिला टाकळा, मग फोडशी, कुरडू, भारंगी, अळू. टाकळा कोवळा असतानाच खायचा, पंधरा-वीस दिवसांत तो राठ होतो. त्यात घालायला मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या असतात. त्या लाल मातीत घोळून, वाळवून कोपऱ्यात ठेवलेल्या असतात, मातीमुळे कोंब येत नाहीत. पहिल्या जोरदार पावसात मासे ओहोळांतून वर शेतात चढतात, ते चढणीचे मासे. रात्री बत्ती घेऊन पोरं ते धरायला जातात, कुर्ल्याही मिळतात. या मजेविषयी मात्र मला शंका आहे. हे मासे अंडी घालायला चढलेले असतात. पूर्वी पोरांच्या हातात टोपली असायची, आता जाळी आडवी लावून सगळा ओहोळ गाळून घेतात.

आणि अळंबी. आषाढ-श्रावणात दोन दिवस ऊन पडून पुन्हा पाऊस झाला की वारुळांवर रानअळंबी उगवतात. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशी जोपासते, तिचंच हे फळ. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा अनेक गावांत वारुळाच्या रूपात होते, हे ध्यानात घेतलं की अळंब्यांभोवतीच्या कुजबुजीचा अर्थ लागतो. अळंब्याची जागा कुणी सांगत नाही. बाप मुलाला दाखवतो, तेही उशिरा. वारूळ मोडायचं नाही, काठीने खोदायचं नाही, सगळी अळंबी उपटायची नाहीत. तिथे नाग असतो असं पोरांना सांगून ठेवलेलं असतं. देवीच्या धाकाने वारूळ शाबूत राहिलं म्हणून पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा अळंबी येतात. आता रस्त्याकडेला पानांत बांधून ती विकायला बसतात आणि एका जुडीला कोंबडीपेक्षा जास्त पैसे मिळतात, तेव्हा हा धाक किती दिवस पुरेल कोण जाणे.

श्रावणातले सोमवार शिवराक, म्हणजे मासळीविना. पुष्कळ घरांत तर अख्खा महिनाच. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर अलोट गर्दी होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने आणि बंदरावरून समुद्राला नारळ अर्पण होतो, मग नारळ लढवण्याच्या स्पर्धा रंगतात. दोघांनी नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. बायाही यात हिरिरीने उतरतात. या किल्ल्याचा पाया शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं ठेवणाऱ्याच्या मनात जेवणघर असणार, असं मला नेहमी वाटतं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी लागणं म्हणजे या मुलखात दूध-साखर मिळण्याइतकंच होतं.

चतुर्थीला घराघरांत गणपतीच्या वर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवसं, कवंडळं, तेरडा, हरणाची फुलं, शेरवडाची पानं टांगायची. रानात आणि परसात त्या घडीला जे जे पिकलं आहे त्याची ती वर्षाची हजेरी आहे. माटवीला काही कमी पडलं की घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात, पोरांना पुन्हा रानात पिटाळतात. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं काही तिच्यात चालत नाही. अळू, सुरण, लाल भोपळा, भेंडी, मका असं परसातलं हाताने लावलेलं तेवढं. फोडणी नाही, मसाला नाही, थोडं खोबरं आणि हिरवी मिरची. तवशाचं धोंडस आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या याच दिवसांतल्या. पातोळीचं पान उलगडल्यावर येणारा हळदीचा वास बाजारातल्या कुठल्याच मिठाईला येणार नाही. आणि गौरीला? पुष्कळ बहुजन घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. माहेरवाशीण आली आहे, तिला वरणभातावर कसं ठेवायचं, असा साधा विचार. मला त्यात फार मोठी माया दिसते.

याच सुमारास तिरफळं तयार होतात. झाडाच्या बुंध्यावर निबर काट्यांची गाठोडी, फांद्यांवरही काटे. त्यामुळे चढणारा माणूस अनुभवी लागतो. हिरवे घोस तोडून उन्हात घातले की फळ तडकतं आणि आतली काळी चकचकीत बी बाहेर पडते. ती टाकून द्यायची. वापरायचं ते वरचं साल. चीनमधल्या सिचुआन मिरीच्या कुळातलं हे झाड, जिभेला आणि ओठांना तशीच बारीक झिणझिणी आणणारं. तिरफळ सगळ्या मासळीला चालत नाही. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट, उग्र मासळीला ते हवं. सुंगटांत किंवा सरंग्यात घातलंत तर घरची बाई कपाळाला हात लावेल. शिवराकाच्या दिवशी तुरीच्या डाळीच्या आमटीत मात्र तेच तिरफळ मासळीची उणीव भरून काढतं.

बांगड्याचं तिखलं मी देवगड तालुक्यातल्या एका घरी होताना पाहिलं, तेव्हा सगळ्यात नवल वाटलं ते फोडणी नसण्याचं. मिरची, धणे, हळद आणि मूठभर खोबरं पाट्यावर गुळगुळीत वाटलं. तेच मातीच्या भांड्यात पाण्यात कालवलं, सोलं टाकली, तिरफळं दगडाने नुसती चेचून टाकली, उकळी आल्यावर बांगडे सोडले. चमचा घातला नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवलं. उतरवल्यावर वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार. संध्याकाळी ते चांगलं लागतं, सकाळी भाकरीबरोबर त्याहून चांगलं. याच घरात कोंबडीला किंवा काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला दुसरं वाटप असतं: खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून केलेलं. ओल्या नारळाचं वाटप कुठे आणि भाजलेलं कुठे, हे ज्याला कळलं त्याला निम्मं मालवणी जेवण कळलं. सारस्वताच्या, भंडाऱ्याच्या, गाबिताच्या, मराठ्याच्या, ख्रिस्ती आणि मुसलमान घरच्या वाटपात आणखी बारीक फरक आहेत, आणि प्रत्येकाला आपलंच मूळचं वाटतं. तसं वाटायलाच हवं.

भात घरात आलं की देवांचा हंगाम सुरू होतो. जागेच्या राखणदाराला वर्षाची राखण द्यायची. बांधावर किंवा झाडाखाली कोंबा, नारळ, वडे, आणि गाऱ्हाणं. जाणता माणूस एकेक मागणं घालतो आणि बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात. अनेक ठिकाणी हा प्रसाद तिथेच रानात शिजवून तिथेच संपवायचा असतो, घरी आणायचा नाही. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, ही श्रद्धा. देवाच्या भुकेचा आणि पायांचा असा विचार करणारी माणसं पाहुण्यालाही उपाशी सोडत नाहीत.

मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीच्या कौलाने ठरते. मुंबईतल्या चाळी-चाळींत त्या तारखेची वाट पाहतात आणि जाहीर होताच गाड्यांची तिकिटं संपतात. लाखोंची रांग, पुढाऱ्यांच्या गाड्या, खाजाची दुकानं, रात्रभर दशावतार. या सगळ्या गजबजाटाच्या आत, वाडीतल्या घरांत, बाया उपास धरून, एकही शब्द न बोलता नैवेद्य शिजवत असतात. मीठ किती, भात झाला का, सगळं खुणेने. रात्री ती ताटं देवळात नेऊन लावली जातात. एवढ्या मोठ्या जत्रेचा मूळ गाभा एका अबोल स्वयंपाकात असावा याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं. देवीच्या घासावर वाफेशिवाय काही पडू नये, बोलताना उडालेला थेंबही नाही, असं एका वयस्क बाईंनी त्याचं कारण सांगितलं. भक्ती आणि स्वच्छता यांत त्यांनी भेद केला नाही.

आचऱ्याची गावपळण याहून वेगळी. दर तीन-चार वर्षांनी, रामेश्वराचा कौल मिळाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे. जात-धर्म आडवा येत नाही. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही ही रीत आहे. गाव मोकळं ठेवायचं, त्या काळात तिथे देवा-भुतांचा वावर असतो, असं मानतात. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली मांडल्या जातात, खाडीतून कुर्ल्या, मुळे, कालवं येतात, रात्री भजनं आणि फुगड्या. मला कुतूहल होतं ते निघताना बाया काय बरोबर घेतात याचं. उत्तर मिळालं: तांदूळ, कुळथाचं पीठ, मसाल्याचा डबा, सोलं, मीठ, सुकी मासळी, नारळ. बस्स. दोन टोपल्यांत मावेल एवढ्यात सबंध घराचा स्वयंपाक उभा राहतो. ज्या मुलखाने वादळं, दुष्काळ, परगावी गेलेले पुरुष हे सगळं पाहिलं, त्याने आपलं जेवण असं उचलून नेता येईल इतकं आटोपशीर करून ठेवलं आहे.

तसंच ते मुंबईलाही गेलं. गिरण्यांत लागलेल्या एकट्या पुरुषांना गिरणगावातल्या खानावळींनी जेवू घातलं. ताटं वाढणाऱ्या बाया बहुधा कोकणातल्या किंवा घाटावरच्याच असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुष्कळ खानावळी मिटल्या, काहींची हॉटेलं झाली. आज आपण ‘मालवणी थाळी’ म्हणतो ती या वाटेने आली. पण थाळीत पिठी नाही, फुटी कढी नाही, तिखलं क्वचित. लाल तवंगाची एकच आमटी सगळ्या मासळीवर ओततात, आणि सोलकढी भडक गुलाबी असते. घरची सोलकढी फिकट, थोडी करडी झाक असलेली गुलाबी होते, कारण आगळात रंग घातलेला नसतो. पाहुणा भडक रंग मागतो म्हणून किनाऱ्यावरच्या निवासांतही आता तोच मिळू लागला आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन-चार ठिकाणी मी मुद्दाम पिठी मागितली. “तुमका चलात?” असं आधी संकोचाने विचारलं गेलं आणि मग ती इतकी सुरेख वाढली गेली की थाळीचं नावही काढावंसं वाटलं नाही.

समुद्रही पूर्वीचा राहिलेला नाही. रापण ओढायला वाडीतली माणसं जमायची आणि दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळायचा, त्यामुळे बांगडा न विकत घेता चुलीपर्यंत पोहोचायचा. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जाऊ लागले तेव्हा रापणकर आणि पर्ससीनवाले समोरासमोर आले. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण मिटलेलं नाही. त्याची झळ खळ्यात दिसते. ज्या घरांतून मेमध्ये टोपल्यांनी बांगडे खारवले जायचे तिथे आता किलोच्या भावाने विकत आणून खारवतात, आणि मग ते परवडत नाही म्हणून सोडून देतात. कोकम, गोलमा, मसाला मात्र बचत गटांच्या बायांनी धरून ठेवला आहे. एका गटाच्या खोलीत मसाल्याच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवत बसलेल्या सुनांना त्यांच्या सासवा मिरची किती लाल भाजायची हे सांगत होत्या, आणि त्या वहीत लिहून घेत होत्या.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून मेअखेरीस कणकवली, कुडाळच्या फलाटांवर दोरीने करकचून बांधलेली खोकी दिसतात. आत आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ, मसाला, वर्तमानपत्रात चार वेळा गुंडाळलेला सुका बांगडा. डोंबिवली-विरारच्या फ्लॅटमध्ये ती उघडतात आणि मग फोन सुरू होतात. मालवणच्या त्या काकींकडे बसलो असतानाच त्यांच्या भाचीचा फोन आला. ती नालासोपाऱ्याला राहते, बाजारातून बांगडे आणले होते. काकींनी जांभळ्या बोटांनी फोन कानाला धरला.

“किती हाडलंस? चार? मगे आठ-दहा तिरफळा पुरेत. काळी बी काढलंस मां? वाटपाबरोबर वाटू नको गो, कडू होतला. नुसती ठेचून घाल. सोला तीन. आणि बांगडो घातल्यार चमचो लावू नको, टोप धरून हलय.”

पलीकडून तिने काहीतरी विचारलं.

“गॅसचो असलो म्हणान काय झाला? बारीक कर आणि झाकण ठेय.”